टेन ऑफ कप्स निघालं म्हणजे लग्न ठरलं का?

पंचकट्टा
टॅरोच्या पत्त्यांत टेन ऑफ कप्स, म्हणजे दहा पेल्यांचं कार्ड, निघालं की "घर भरणार, यंदा बार उडणार" सांगून मोकळं व्हायचं, ही आपल्या सोलापुरातली सवय मला पटत नाही. आपण बहुतेक जण वापरतो तो डेक, म्हणजे ७८ पत्त्यांचा संच, १९०९ साली लंडनला निघाला. आखणी आर्थर एडवर्ड वेटची, चित्रं पामेला कोलमन स्मिथची. त्यातलं हे कार्ड नीट बघा. नवराबायको पाठमोरे, बाहेरचा एकेक हात वर केलेला. दोन पोरं बाजूला आपल्याच नादात नाचतायत. लांबवर झाडीत घर, ओढा. आणि दहाच्या दहा पेले वर इंद्रधनुष्यात, खाली एकाच्याही हातात पेला नाही.

आता शेजारी नाइन ऑफ कप्स ठेवा. हाताची घडी घालून बसलेला एकटा गृहस्थ, मागे निळ्या कापडावर नऊ पेले ओळीने मांडलेले. मनातली इच्छा पुरी झाली, पण स्वतःपुरती. टेनमध्ये मिरवायला काही नाही, सोबत आहे. वेटने दिलेले मुख्य अर्थही तसेच: समाधान, मनाला पूर्ण विसावा, प्रेम आणि मैत्रीची परिपूर्णता. आणखी एक अर्थ आहे, तो कोणी वाचतच नाही: प्रश्नकर्ता राहतो ते गाव. "पुण्याची नोकरी घेऊ का?" या प्रश्नाला मांडलेल्या पत्त्यांत शेवटच्या जागी टेन आलं, तर मी आधी सोलापूर वाचेन. बायको नंतर.

जुळे सोलापूर
दादा, अर्धंच सांगायलाय तुम्ही. त्याच वेटने पुढे जादा अर्थांची वेगळी यादी दिलीय. तिथे टेन ऑफ कप्सपुढे सरळ लिहिलंय: पुरुषाने विचारलं असेल तर चांगलं लग्न, तेही अपेक्षेपेक्षा चांगलं. उलटं आलं तर दुःख, नाहीतर मोठं भांडण. मग लग्न वाचणारा चुकला कुठे? ज्या गावात सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतसुद्धा लग्नाच्या अक्षता पडतात, तिथे प्रश्न लग्नाचाच येणार की. समोरची बाई पोरीच्या स्थळाचं विचारतीय आणि तिला गावाचा अर्थ सांगायचा? चित्रात नवरा, बायको, लेकरं, घर सगळं आहे. ते सोडून पाठमोरे उभे आहेत का समोर तोंड करून, हे मोजत बसायचं होय?

पंचकट्टा
ती यादी माहीत आहे, ताई. तिच्यातच नाइन ऑफ कप्स सैन्यातल्या माणसाला शुभ म्हटलंय. ते किती जण सांगतात? सोयीचं तेवढं उचलायचं असेल तर बोलणंच खुंटलं. आणि "पुरुषाने विचारलं तर" असं आहे तिथे. पोरीची आई कुठून आली त्यात?

होटगी रोड
लग्न म्हणा नाहीतर गाव म्हणा, कार्ड गोडच आहे हे तुम्ही दोघांनीही धरूनच चाललाय. गोल्डन डॉन या इंग्लंडातल्या जुन्या गूढविद्या मंडळाच्या पद्धतीत टेन ऑफ कप्स म्हणजे मीन राशीचा शेवटचा द्रेष्काण (राशीच्या तीन भागांतला एक) आणि त्यात मंगळ. त्याच परंपरेतल्या अ‍ॅलिस्टर क्रॉलीच्या 'थॉथ' नावाच्या डेकमध्ये तर या कार्डाचं नावच 'तृप्तीचा अतिरेक' या अंगाचं आहे. पोट भरलं, आता घास नको. पाण्याच्या राशीतला मंगळ फार काळ स्वस्थ बसू देत नाही. फ्रान्समधल्या मार्सेच्या जुन्या डेकात माणसंच नाहीत: नऊ पेले तीन-तीनच्या ओळीत उभे आणि दहावा वर आडवा.

पण खरा घोळ जागेचा होतो. केल्टिक क्रॉस या दहा पत्त्यांच्या मांडणीत नववी जागा आशा आणि भीतीची. तिथे टेन आलं तर "हिला हे हवंय" किंवा "हे हातचं जाईल ही धास्ती आहे", एवढंच म्हणता येतं. लोक ते "होणारच" म्हणून सांगतात. दुसऱ्या जागेचं कार्ड आडवं ठेवतात, तिथे उलटं-सुलटं बघतच नाहीत. आणि शेजारी एट ऑफ कप्स असेल, म्हणजे आठ पेले मागे टाकून रात्रीचा निघालेला माणूस, तर भरल्या घरातून कोणीतरी उठायच्या बेतात आहे. तिथे कसलं लग्न!

दोन अधिक दोन
गणित ऐका. ७८ पत्त्यांतले १० मांडले तर त्यात टेन ऑफ कप्स असण्याची शक्यता १०/७८, म्हणजे सुमारे १३ टक्के. साधारण दर आठ माणसांत एकाला 'भरलं घर' मिळणार, तो कोणीही असो. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून एकच स्वभाववर्णन दिलं. ते किती जुळतं याला त्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. 'मनाला विसावा हवाय' हे कोणाला लागू होत नाही? पोपटवाल्याच्या पाकिटातही असंच काहीतरी निघतं. पत्ते पंधराव्या शतकात इटलीत खेळण्यासाठी आले, भविष्याची प्रथा अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रुजली. माझा आक्षेप मात्र साधा आहे: "ठरलंच" म्हटल्यावर ती आई हातातलं बरं स्थळ सोडून 'अपेक्षेपेक्षा चांगल्या'ची वाट बघत बसते. तिचं ते वर्ष कोण भरून देणार?

जुळे सोलापूर
१३ टक्के कबूल. सुलटंच धरलं तर त्याचंही निम्मं. पण तेसुद्धा कॅट कशी पिसता त्यावर. सगळे पत्ते एकाच दिशेचे असतील आणि नुसते वरच्यावर पिसले, तर एकही उलटा होत नाही. दोन भाग करून एक भाग फिरवायचा आणि मग पिसायचं. उघडताना पत्ता बाजूने, वहीचं पान उलटतो तसा. खालचं टोक धरून वर पलटलात तर सुलटं टेन उलटं होतं आणि तुम्ही निवांतपणे भांडण वाचता. निम्मे 'रिव्हर्स' असेच तयार होतात.

वर्ष वाया जाण्याचं मात्र मान्य. तारीख, महिना सांगणाऱ्याची बाजू मीही घेणार नाही.

पंचकट्टा
मग प्रश्नच बदला ना. "लग्न होईल का?" हा प्रश्न या कार्डाला झेपत नाही. "या घरात पोरगी मोकळेपणाने राहील का?" असं विचारा. मग पाठमोरी जोडी, नाचणारी पोरं, हाताबाहेरचे पेले, सगळ्याला काहीतरी काम राहतं.

दोन अधिक दोन
ते पोरीलाच विचारा की. पत्ते कशाला?

जुळे सोलापूर
पोरीला विचारायची रीत असती तर आईला पत्ते बघत हिंडावं लागलं नसतं, दादा.

होटगी रोड
चालू द्या. एक मात्र करा, इथे नुसता टेन ऑफ कप्सचा फोटो टाकून अर्थ मागू नका. प्रश्न काय होता, कार्ड कितव्या जागेवर आलं आणि शेजारी काय होतं, हे तिन्ही लिहा.