वडिलांचे तळपाय बधिर झालेत, शुगरमुळे नसा खराब होतात त्या वाचवता येतात का?

तासगावकर_बागायतदार
नमस्कार मंडळी, वडील साठीला आलेत, शुगर बरीच वर्षं आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. परवा तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीए१सी ९.१ आली. रात्री तळपायाची आग होते, मुंग्या येतात आणि दिवसा उलटंच, चप्पल पायातनं निसटली तरी कळत नाही, तसेच द्राक्षबागेत अनवाणी फिरतात. शेजारच्या काकू म्हणतात गरम पाण्यात मीठ टाकून पाय शेका. नसा परत नीट होतात का? आणि आषाढीला लोणंदपासनं वारीत चालायचं म्हणतायत, जाऊ द्यावं का?

वाळव्याची_ताई
दादा मी सांगलीत ओपीडीत शुगरच्या पेशंटचे पाय तपासते, म्हणून आधी सांगते, ते गरम पाणी आजच बंद करा. ज्या पायाला चप्पल गेलेली कळत नाही त्याला पाणी किती कडक आहे ते कसं कळणार, फोड आल्यावरच लक्षात येतं. शेकोटी, गरम पाण्याची पिशवी पण नको. कोमट पाण्यानं धुवा, पाणी आधी तुम्ही हात घालून बघा आणि नंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.
शुगर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसा आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या दोन्ही खराब होतात, पायाच्या नसा सगळ्यात लांब म्हणून बोटांपासनं सुरू होतं आणि मोजा घातल्यासारखं वर चढतं. गेलेली संवेदना पूर्ण परत येईलच असं नाही, पण पुढचं नुकसान नक्की कमी करता येतं. बहुतेकांना एचबीए१सी ७ च्या आसपास ठेवायला सांगतात, वय जास्त असेल तर डॉक्टर थोडं सैल ठेवतात. आणि एकदम खाली आणायची घाई पण नको, त्यानंही कधीकधी आग वाढते.
एक टेस्ट मागून करून घ्या, बी१२ ची. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की बी१२ कमी होऊ शकतं आणि त्यानं पण असंच बधिर होतं, घरात मांस-अंडी नसतील तर जास्तच. पायाला नायलॉनचा बारीक धागा टेकवून संवेदना बघतात, ती तपासणी वर्षातनं एकदा तरी हवीच.

फलटणचा_वारकरी
वारीबद्दल सांगतो. पाय तपासून डॉक्टर हो म्हणाले तरच पाठवा, आणि अनवाणी अजिबात नाही, माऊली त्यासाठी रागावणार नाहीत. आमच्या दिंडीतले शुगरवाले काका पांढरे सुती मोजे घालतात, रक्त लागलं तर लगेच दिसतं, आणि बूट घालायच्या आधी आत हात फिरवतात, खडा राहिला तर पायाला कळत नाही ना. लोणंद, तरडगाव, फलटण, प्रत्येक मुक्कामाला कुणीतरी त्यांचे तळवे बघायचे. बूट नवे असतील तर आधी महिनाभर घरी वापरा. आणि एकादशीच्या उपवासाचं डॉक्टरांना आधी विचारा, काही गोळ्यांनी उपाशीपोटी शुगर एकदम उतरते.

कऱ्हाडची_सून
आमच्या सासऱ्यांना आगीसाठी प्रीगाबालिन दिलंय, झोप लागते, पण डॉक्टर म्हणाले ही दुखणं कमी करणारी गोळी, नस दुरुस्त करणारी नव्हे, म्हणून शुगर सांभाळायलाच लागते. तंबाखू, बिडी असेल तर ती सोडवाच. भोवरी ब्लेडनं कापू देऊ नका, मेडिकलमधली भोवरीची पट्टी पण लावू नका, त्यात ॲसिड असतं.

तासगावकर_बागायतदार
सगळ्यांचे आभार. आत्ताच टॉर्च लावून पाय बघितले, उजव्या टाचेत बाभळीचा काटा मोडलाय, भोवती लाल झालंय आणि वडिलांना पत्ताच नाही.

वाळव्याची_ताई
दादा घरी सुईनं उकरू नका, उद्या सकाळीच डॉक्टरांना दाखवा. आणि ताप आला किंवा लाली वर चढायला लागली तर सकाळची पण वाट बघू नका.