दोन वर्षांच्या मुलीला घेऊन जुनं गोवं आणि आग्वाद: न्यावं की थांबावं?

पालवी

दिवाळीनंतर आम्ही गोव्याला निघालोय. मी, नवरा, सासू-सासरे, नणंद आणि आमची सव्वादोन वर्षांची लेक. समुद्र आहेच, पण सासऱ्यांना आग्वाद किल्ल्याचा तुरुंग बघायचाय. पोर्तुगीजांविरुद्धच्या १९५५ च्या गोवा सत्याग्रहाच्या गोष्टी त्यांनी वडिलांकडून ऐकल्यात. सेनापती बापट, नानासाहेब गोरे ही नावं आमच्या घरात अजून निघतात, आणि गोरे त्याच आग्वादला कैदेत होते. मला जुन्या गोव्यातली चर्चेस बघायचीत, आणि सेंट ऑगस्टीनच्या पडक्या चर्चचा तो ४६ मीटर उंच मनोरा. हे सांगितलं की सगळीकडून एकच उत्तर येतं: एवढ्याशा लेकराला भिंतींमधलं काय कळणार, मोठी झाली की न्या.

मला हे पटत नाही. तिला यातलं काही आठवणार नाही, मान्य. तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी जवळपास कुणालाच आठवत नाही. पण मग याच हिशोबाने तिला आजोळी तरी कशाला न्यायचं? मूल झालं की आई-बापांनी बाग, मॉल आणि प्राणिसंग्रहालय एवढ्यातच फिरायचं, हे कुणी ठरवलं? आम्हाला ज्याची ओढ आहे ते आम्ही बघतोय, हे तिने लहानपणापासून बघावं असं मला मनापासून वाटतं. शिवाय बॉम जेझूस बॅसिलिकाची बाहेरची भिंत उघड्या जांभ्याची आहे, गिलावा नाही, आणि रस्त्यापलीकडे से कॅथेड्रल पांढरंशुभ्र. दोन वर्षांच्या मुलीला एक भिंत खरखरीत आणि दुसरी गुळगुळीत, एवढं पुष्कळ आहे.

अर्थात दिवसाला एकच ठिकाण, तेही सकाळी. दुपारची झोप मोडायची नाही. बाबागाडी घरीच ठेवणार, कारण जांभ्याच्या पायऱ्यांवर ती नुसती ओझं होते. तुम्हाला काय वाटतं?

घाटमाथा

पालवी, तुमची इच्छा समजते, तरी मी 'नेऊ नका' म्हणेन. कारण मुलाला काय कळतं हे नाहीच. कारण आई आहे.

आमचा मुलगा दोन वर्षांचा असताना आम्ही बॅसिलिकात गेलो. आत आवाज घुमतो हे त्याला शिरल्याबरोबर कळलं आणि तो आनंदाने ओरडायला लागला. समोर बाकांवर माणसं गुडघे टेकून प्रार्थना करत होती. ते वस्तुसंग्रहालय नाही, चालतं देऊळ आहे त्यांचं. मी त्याला उचलून बाहेर आले आणि बाहेरच राहिले. सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष ठेवलेली तिथली चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी १६३० च्या दशकात घडवलेली. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सहून आलेला. मी हे सगळं वाचून गेले होते. बघून आले बाकीचे.

घरात कुणी मुद्दाम असं करत नाही. पण मूल रडलं की सगळे आईकडे बघतात. प्रवास सगळ्यांचा आणि बाहेर थांबणं एकीचं, असं होणार असेल तर दोन वर्षं थांबा, नाहीतर मुलीला आजोळी ठेवून दोघंच जा. तुमचीही इच्छा नीट पुरी व्हायला हवी.

बुरूज

आग्वादच्या वरच्या किल्ल्याबद्दल फक्त. आतलं पटांगण मोकळं आणि सपाट आहे, मुलांना पळायला उत्तम. पण तटावर चढवू नका, बाहेरच्या बाजूला कोरडा खंदक आहे. सावली जवळजवळ नाही. दहाच्या आत आटपा.

डिचोलीकार

मी गोव्याचा. माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे, आणि तो कुणाच्या श्रद्धेला नाही. झेवियरच्या ३ डिसेंबरच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, मी स्वतः जुन्या गोव्यात जातो, लहानपणापासून.

पण या जागा लहान मुलांना दाखवताना आपण फक्त 'बघ, केवढं मोठं, केवढं सुंदर' एवढंच म्हणू शकतो. दोन वर्षांच्या मुलीला दुसरं सांगणार तरी काय? याच जुन्या गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली तर, इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, चाललं. समोरच्या दिवाडी बेटावरचं सप्तकोटेश्वराचं देऊळ सोळाव्या शतकात पाडलं गेलं, देव नदीपलीकडे नार्व्याला नेला, आणि शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये तिथलं देऊळ नव्याने बांधायला लावलं. नार्वे आमच्याच तालुक्यात.

मोठेपणी तिला ही सहल आठवणार नाही, पण फोटो राहतील. पांढऱ्या चर्चसमोर हसणारं बाळ, हेच तिचं जुनं गोवं होईल. आठ-नऊ वर्षांची झाली की न्या. तेव्हा ती प्रश्न विचारेल आणि तुम्हाला पूर्ण उत्तर द्यावं लागेल. पूर्ण उत्तर देता येत नसेल तोवर थांबण्यात मला काही गैर वाटत नाही.

कृष्णाकाठ

डिचोलीकार, तुमचं म्हणणं मी दोनदा वाचलं. तरी असहमत. इतिहास मुलांना एका दमात कुणीच सांगत नाही.

आमच्या वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक मोठी घंटा आहे. तिच्यावर १७०७ साल आहे आणि मेरी आणि बाळ येशूची आकृती. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा आणल्या, त्यांतली ही एक. नातीला मी ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा ती नुसती 'टण' म्हणाली. पुढच्या खेपेला तिने विचारलं की घंटेवर बाई कोण आहे. आता शाळेत जाते, आता विचारते की दुसऱ्यांच्या देवळातली घंटा आपण का आणली. या प्रश्नाचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते मी तिला तसंच सांगितलं. पण तो प्रश्न तिला पडला तो घंटा ओळखीची होती म्हणून. आधी ओळख होऊ द्या. पहिल्याच भेटीत सगळं सांगायची सक्ती कशाला?

आणि घाटमाथा, अगं, बाहेर थांबायची पाळी आईवरच का? आजोबांना सांगावं, नवऱ्याला सांगावं. स्पष्ट सांगावं, निघायच्या आधी.

पालवी

घाटमाथा, तुमचं वाचून मी काल रात्रीच नवऱ्याशी बोलले. बॅसिलिकात दोन तुकड्या करायच्या. पहिल्यांदा मी, नणंद आणि सासूबाई आत. तो आणि सासरे लेकीला घेऊन बाहेर हिरवळीवर. मग उलटं. ती आत येणारच नाही, तिला बाहेरची भिंत पुरे.

डिचोलीकार, फोटोबद्दल तुम्ही म्हणता ते मनाला लागलं. पण म्हणून थांबावं हे नाही पटत. आग्वादच्या तुरुंगाचं आता संग्रहालय झालंय, डिसेंबर २०२१ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. कोठडीच्या दारात आजोबांबरोबर नातीचा फोटो निघेल तो मी त्या पांढऱ्या भिंतीच्या फोटोशेजारीच लावेन. सासरे आता सत्तरीच्या पुढे आहेत. ती नऊ वर्षांची होईपर्यंत त्यांना तिथल्या पायऱ्या चढता येतील याची खात्री मला कोण देणार? तिच्यासाठी थांबायचं म्हणजे त्यांनाही थांबवायचं.

नार्व्याला जायचं असेल तर कसं जावं?

घाटमाथा

आजोबांचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यात आला नव्हता. बाकी मी आहे तिथेच आहे. तुमच्याकडे हाताशी चार मोठी माणसं आहेत म्हणून तुकड्या पडतील. ज्यांच्याकडे नवरा-बायको दोघंच आहेत त्यांनी हा धागा वाचून 'सगळं जमतं' असं समजू नये. दोघांत एक सतत बाहेर असतो आणि कोणतीही जागा दोघांनी मिळून बघितली असं होतच नाही. माझ्यासाठी दोघांनी मिळून बघणं हीच खरी सहल होती.

डिचोलीकार

माझंही मत बदललेलं नाही, पण आजोबांना जरूर न्या. त्यांच्यासाठी आग्वादचा दिवस राखून ठेवा, त्या दिवशी दुसरं काही नको.

नार्वे: जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीतून सरळ खाली गेलं की फेरीबोटीचा धक्का लागतो. तिथून दिवाडीला, बेट ओलांडायचं, आणि पलीकडच्या धक्क्यावरून दुसरी फेरी नार्व्याला. चालत जाणाऱ्यांना पैसे पडत नाहीत, गाडीही बोटीत चढते. गाडी लावली की लेकीला बाहेर काढून कडेवर घ्या. बोट सुटताना पुढची फळी वर उचलतात ते सगळ्या मुलांना आवडतं. देवळाच्या जीर्णोद्धाराचं काम २०२३ मध्ये पुरं झालंय. तिथे आजोबांनाच सांगू दे, मी सांगितलं त्याहून ते बरं सांगतील.