'सापत्न वागणूक' नेमकी कोण देऊ शकतं?

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या तालमीची पोरं एक कागद घेऊन आली. जिल्हाधिकाऱ्यांना द्यायचं निवेदन, कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या आलमट्टी धरणाची उंची वाढवू नये म्हणून. तिथं पाणी अडलं की आमच्याकडं पूर वाढतो, ही तक्रार. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळं असले कागद शुद्धलेखन बघायला माझ्याकडंच येतात. ऱ्हस्व-दीर्घ बघत तिसऱ्या ओळीवर आले आणि थांबले. ओळ अशी होती : 'कर्नाटक शासन आम्हां कोल्हापूरकरांना वर्षानुवर्षे सापत्न वागणूक देत आहे.'

मी म्हटलं, हे वाक्य व्याकरणात बसतं, अर्थात बसत नाही. कर्नाटक आपल्याला सापत्न वागणूक देऊच शकत नाही. पोरांना पटलं नाही. एकानं विचारलं, "बाई, मग परक्यासारखी वागणूक म्हणायचं का?" ते तर मला त्याहून नको वाटलं. का नको, हे तिथल्या तिथं नीट सांगता आलं नाही. म्हणून इथं मांडते.

सापत्न हा शब्द सपत्नीवरून, म्हणजे सवतीवरून आला. सवत आणि सावत्र हे त्याच घरातले शब्द. आता सावत्रपणा घडायला काय लागतं बघा. एक चूल लागते. वाढणारा हात एकच लागतो. आणि शेजारच्या ताटात तूप पडलं, आपल्या ताटात पडलं नाही, हे डोळ्यांनी दिसावं लागतं. म्हणून कोल्हापूरनं मुंबईला किंवा महाराष्ट्रानं दिल्लीला 'तुम्ही आम्हाला सापत्न वागवता' म्हटलं तर शब्द चपखल बसतो. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या मागणीत आमचे वकील हाच शब्द वापरत. औरंगाबादला खंडपीठ १९८१ मध्ये मिळालं. आमच्या सहा जिल्ह्यांचे पक्षकार मात्र फायली घेऊन रात्रभर प्रवास करून मुंबई गाठत राहिले आणि सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू व्हायला ऑगस्ट २०२५ उजाडला. तिथं हात एकच होता, ताटं दोन होती. बंगळूरच्या हातात कोल्हापूरचं ताटच नाही, तर सावत्रपणा कुठून यायचा?

आता 'परका' का नको, ते सांगते. माझं माहेर निपाणी, बेळगाव जिल्ह्यातलं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला आणि त्यातला एकटा चंदगड तालुका वेगळा काढून इकडं जोडला गेला. माझे आजोबा एका रात्रीत दुसऱ्या राज्याचे झाले, घर होतं तिथंच राहिलं. डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न पुन्हा तापला आणि एसटीच्या फेऱ्या थांबल्या, त्या दिवशी मी कागलला उतरले होते. हातात आईच्या गोळ्यांची पिशवी. गाडी पुढं जाणार नाही म्हणून सांगितलं. आईचा फोन, "आमटी चुलीवर ठेवलीया, येतीस का न्हाई?" वीस किलोमीटरवर आमटी उकळत होती आणि मी रस्त्याकडंला उभी. जिथं माझ्या आईची चूल आहे, त्या राज्याला 'परकं' हे विशेषण माझ्या हातून लिहिलं जात नाही.

तर प्रश्न असा. शेजारच्या राज्यावर तक्रार आहे, खरी आहे, पुराच्या पाण्याइतकी खरी आहे. तिला मराठीत नेमका शब्द कुठला?

प्रतिसाद (सांगली)

व्युत्पत्तीत थोडी भर घालतो. संस्कृतात सपत्नीवरून 'सपत्न' असा पुल्लिंगी शब्दही झाला, आणि त्याचा अर्थ थेट शत्रू, प्रतिस्पर्धी. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात (१०.१६६) सपत्नांवर मात करू दे अशी प्रार्थना आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन म्हणतो, पृथ्वीचं 'असपत्न' राज्य मिळालं तरी माझा शोक जाणार नाही. असपत्न म्हणजे ज्याला प्रतिस्पर्धी नाही ते. संस्कृतानं घरातलं भांडण रणांगणावर नेलं. मराठीनं तो शब्द पुन्हा माजघरात आणला. तेव्हा बाई, जुन्या अर्थानं पोरांचं वाक्य अगदीच चूक नव्हतं, पण आजच्या मराठीत तुमचाच कान बरोबर आहे.

प्रतिसाद (बेळगाव)

ताई, एक दुरुस्ती. तुमच्या पोरांचं वाक्य कोल्हापुरात चूक, बेळगावात तंतोतंत बरोबर. आमचं ताट बंगळूरच्याच हातात आहे. मराठीतून कागद मागितला आणि मिळाला नाही, तर 'सापत्न' शिवाय दुसरा शब्द मला सुचत नाही. एक नोव्हेंबरला इथं एका रस्त्यावर कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते, लाल-पिवळे झेंडे, आणि दुसऱ्या रस्त्यावर मराठी माणसांची निषेधाची, काळ्या दिनाची फेरी. दोन्हींकडं माझ्या ओळखीची माणसं असतात.

पण खरी गंमत कन्नडमध्ये आहे. तिथं या वागणुकीला 'मलतायी धोरणे' म्हणतात. मलतायी म्हणजे सावत्र आई. धोरणे आपल्या 'धोरण'चाच भाऊ, फक्त तिकडं त्याचा अर्थ वृत्ती, पवित्रा असा होतो. आणि हा शब्द उत्तर कर्नाटकातला कन्नड माणूस बंगळूरला उद्देशून वापरतो! धारवाड-गुलबर्ग्याकडची जुनी तक्रार आहे की सगळं दक्षिणेकडं जातं. बेळगावात विधानसौध बांधून २०१२ पासून तिथं अधिवेशन भरतं, त्याला सीमाप्रश्नासोबत हेही कारण आहे.

मी रेल्वेत नोकरीला होतो, पाच-सहा राज्यं फिरलो. जिथं जाईन तिथं हाच शब्द भेटला. हिंदीत सौतेला व्यवहार. गुजरातीत ओरमायुं वर्तन. बंगालीत बिमातृसुलभ आचरण. तेलुगूत सवति तल्लि प्रेम, म्हणजे सवतआईची माया. तमिळमध्येही सावत्र आईच. एवढा मोठा देश, लिपी वेगळी, जेवण वेगळं, आणि रुसायला शब्द एकच. प्रत्येक राज्य स्वतःला सावत्र लेकरू म्हणतं. मग सख्खं लेकरू कुठलं, हे मला अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलं नाही.

प्रतिसाद (अमरावती)

सख्खं लेकरू कुठलं ते मी सांगतो. आमच्याकडं विचाराल तर पश्चिम महाराष्ट्र. ऊस तुमचा, कारखाने तुमचे, दूध संघ तुमचे, मुख्यमंत्री बराच काळ तुमच्या बाजूचे. कोल्हापूरनं 'आम्हाला सापत्न वागणूक' म्हटलं की विदर्भातल्या माणसाला कसं लागतं, याचा विचार करा. श्रावणातल्या कहाणीत राजाला दोन राण्या असतात, एक आवडती, एक नावडती. तुम्ही आवडतीच्या महालात बसून नावडतीचं गाऱ्हाणं गाता.

आमच्या वाट्याला दुसराच शब्द आला : अनुशेष. मूळचा हिशेबाचा शब्द, राहिलेली बाकी. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला समन्यायी वाटा देण्याचं कबूल केलं होतं. तीस वर्षांनी दांडेकर समिती नेमावी लागली, तिनं कुठल्या भागाचं किती राहिलं याची मोजणी केली, आणि तेव्हापासून 'अनुशेष' हा शब्द आमच्याकडं पानटपरीवरसुद्धा बोलला जातो. सापत्न म्हणजे मनाची तक्रार. अनुशेष म्हणजे आकड्याची. मला आकड्याची बरी वाटते, तिला उत्तर द्यावं लागतं.

आणखी एक शब्द बघा. १९९४ मध्ये तीन वैधानिक विकास मंडळं झाली. विदर्भ, मराठवाडा, आणि तिसरं? 'उर्वरित महाराष्ट्र'. कोल्हापूर त्या उर्वरितात. ज्यांना सगळं मिळालं असं आम्ही म्हणतो, ते कागदावर 'उरलेले' झाले. तुमच्याकडं कुणी हा शब्द मनाला लावून घेतला का, मला खरंच जाणून घ्यायचंय.

मूळ लेखिका

दादा, नाही लावून घेतला. 'उर्वरित' हा शब्द आम्हाला कधी टोचलाच नाही, आणि तो टोचला नाही यातच तुमचं म्हणणं सिद्ध होतं. ज्याचं पोट भरलंय त्याला नावाचं काही वाटत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, तेव्हा आमच्याकडं पंचगंगेत पाणी होतं. त्या उन्हाळ्यात मी वर्गात 'नावडतीचं मीठ अळणी' ही म्हण शिकवत होते आणि लातूरची आठवण एकदाही काढली नाही. आज काढावीशी वाटते.

प्रतिसाद (इचलकरंजी)

मी सावत्र आई आहे. दोन मुलं वाढवली, दोघंही आता कमावती. दर निवडणुकीत हा शब्द भोंग्यावरून ऐकते. थोरला सातवीत असताना पेपरातला मथळा वाचून त्यानं विचारलं होतं, "आई, सापत्न म्हणजे तू देतीस तसली वागणूक का गं?" त्या दिवशी मी स्वयंपाक अर्धा टाकून बसले होते. दुजाभाव म्हणा, पक्षपात म्हणा. मराठीत शब्दांचा दुष्काळ नाही.

प्रतिसाद (शिरोळ)

मी शेतकरी माणूस. बाईंनी विचारलेला शब्द आमच्या रोजच्या बोलण्यात आहे : भाऊबंदकी. सापत्नपणा वरून खाली येतो. भाऊबंदकी बांधाला बांध लागून असते. दोघांचा हक्क सारखा, वाटणी झालेली, तरी एकाला वाटतं दुसऱ्यानं नांगरताना बांध कोरला. कधी कोरलेला असतो, कधी नुसता संशय. संशय मात्र कोरलेल्या बांधापेक्षा जास्त टिकतो, पोरांच्या पोरांपर्यंत जातो.

कृष्णेचं बघा. बच्छावत लवादानं १९७० च्या दशकात पाण्याची वाटणी केली : महाराष्ट्र ५६० टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटक ७००, आंध्र ८००. ही वाटणी झाली म्हणून भांडण मिटलं का? दुसरा लवाद बसला, आणि त्यानं २०१० मध्ये आलमट्टीत ५२४.२५६ मीटरपर्यंत पाणी साठवायला मान्यता दिली. आमच्या गावात २००५, २०१९, २०२१ असे तीन मोठे पूर आले. २०१९ ला माझ्या गोठ्याच्या पत्र्यावर शेवाळाची रेघ उठली ती अजून पुसलेली नाही. पूर आलमट्टीनंच आला असं छातीठोक म्हणायला मी जाणार नाही. पाऊसही तसाच कोसळला, नदीच्या पात्रात बांधकामंही आपलीच. पण धरणाच्या दारातून किती पाणी सोडलं हे वेळेवर कळलं नाही की माणूस वाईटच धरून चालतो. आमच्याकडं म्हणतात, भावकीत बोलणं बंद झालं की कोर्टाची पायरी सुरू होते.

दिल्लीतही तेच चाललंय. लोकसभेच्या जागांची वाटणी १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेली आहे, आणि ती मुदत २०२६ पर्यंत वाढवली होती. आता नव्यानं वाटणी करायची म्हटल्यावर दक्षिणेतले म्हणतात, आम्ही घर आवरतं ठेवलं म्हणून आमचा वाटा कमी होणार का? उत्तरेतले म्हणतात, माणसं जास्त तर वाटा जास्त, यात गैर काय? दोघांचंही ऐकलं की दोघंही खरे वाटतात. आमच्या वाटणीच्या वेळी चुलता आणि माझे वडील असेच दोघंही खरे होते, आणि सतरा वर्षं एकमेकांच्या दारात गेले नाहीत.

एक सांगून थांबतो. आमच्याकडं बेंदूर दोन. ज्येष्ठात कर्नाटकी, आषाढात महाराष्ट्रीय. काही घरांत बैल दोन्ही वेळा रंगवतात. बैलाला कुठलं राज्य विचारायची पद्धत नाही.

मूळ लेखिका

सगळ्यांचे आभार. कागद काल दिला, त्यात काय गेलं ते सांगते.

इचलकरंजीच्या ताई, 'सापत्न' शब्द पूर्ण काढला. मी वीस वर्षं तो फळ्यावर लिहीत आले, त्यात कुणाची आई बसली आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. राज्य शासनाबद्दलच्या परिच्छेदात 'दुजाभाव' घातला. 'भाऊबंदकी' पोरांना आवडला, पण सरकारी कागदात त्यांनी तो घालू दिला नाही. अमरावतीच्या दादांचं ऐकून विशेषणं कमी केली, आकडे वाढवले. आता तिसरी ओळ अशी आहे :

'पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट असून २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. आलमट्टीचा साठा ५१९.६० मीटरवरून वाढवण्यापूर्वी दोन्ही राज्यांनी फुगवट्याचा (धरणामुळे मागे तुंबणाऱ्या पाण्याचा) अभ्यास एकत्र करावा आणि तो नदीकाठच्या गावांना मराठीत व कन्नडमध्ये वाचायला द्यावा.'

'कन्नडमध्ये' हा शब्द घालायला दोन पोरांचा विरोध होता. शिरोळच्या काकांचं उत्तर वाचून दाखवलं, मग गप्प बसले. एक जण म्हणाला, मग आपलं निवेदनही कन्नडमध्ये एक प्रत काढून पलीकडच्या गावांना देऊया. ती प्रत निपाणीत माझ्या भाच्यानं लिहून दिली, तो कन्नड माध्यमात शिकला आहे. फोनवर वाचून दाखवताना 'नेरे' हा शब्द दोन ठिकाणी आला. मी विचारलं, एकदा पूर म्हणालास, एकदा शेजारचं राज्य म्हणालास, शब्द एकच कसा? तो म्हणाला, "आत्या, नेरे म्हंजे पूर, आणि नेरे म्हंजे शेजारपण."

बेळगावचे काका, हे दोन्ही एकाच मुळातले, की नुसते उच्चारानं सारखे? तुम्हाला ठाऊक असेल तर लिहा.