मदत हवी आहे: स्पेसर बसवण्यासाठी व्हील स्टड कापणं कितपत सुरक्षित?

मंडळी, नमस्कार.

गाडी जुनी जिप्सी. रुंद टायर टाकल्यापासून स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचं चाक आतून लीफ स्प्रिंगला घासतं. म्हणून २५ मिमीचे बोल्ट-ऑन स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणाऱ्या जाड चकत्या, मागवले (५×१३९.७, एम१२×१.२५; म्हणजे १३९.७ मिमीच्या वर्तुळावर पाच भोकं, स्टड १२ मिमी जाडीचे, आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी). स्पेसर गाडीच्या स्टडवर (चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या आटेदार दांड्यांवर) आवळायचा आणि चाक स्पेसरच्या स्वतःच्या स्टडवर, असा प्रकार.

घोळ असा की आधीच्या मालकाने स्टड बदललेत. डिस्कच्या तोंडापासून ते २८ मिमी बाहेर येतात, म्हणजे स्पेसर बसवला की पाचही टोकं ३ मिमी वर डोकावतात. गॅरेजवाला म्हणतो, "आणा ग्राइंडर, दोन मिनिटांचं काम." त्याचा उत्साह बघून मी गाडी परत घेऊन आलो.

कापल्यावर नटाला पुरेसे आटे मिळतील का? तापून स्टड कमजोर होईल? की न कापता तसंच चाक चढवलं तर चालेल? माळशेजला नेहमी जाणं असतं, त्यामुळे जुगाड नको. "स्पेसर फेकून दे" सोडून काहीही सांगा.

—

आटेवाला: न कापता चढवू नका, हे पहिलं. चाक स्पेसरच्या तोंडाला टेकायच्या आधी त्या टोकांवर टेकतं. नट घट्ट लागतात, पाना पुढे जात नाही, आपल्याला वाटतं झालं काम. पण चाकाचा भार पेलते ती दोन पृष्ठभागांमधली पकड, आणि तीच नसते. मग नट सैल पडतात आणि स्टड वाकून वाकून तुटतात.

आता आटे. स्पेसरमध्ये नट खोबणीत बसतो, त्या बैठकीखाली जाडी किती ते मोजा. समजा १२ मिमी आहे. स्टड ४ मिमी कापून २४ राहिला, वजा १२, म्हणजे नटासाठी १२ मिमी. एम१२ ला तेवढे हवेतच, साधारण साडेनऊ फेरे. बैठक १५ मिमीची निघाली तर कापायचा विषयच सोडा.

कापायचंच तर आधी नट खालपर्यंत चढवा, हॅकसॉने हळू कापा, कानशीने कड मोडा आणि मग नट उलटा काढा, आटे साफ होतात. ग्राइंडरने टोक निळं पडलं तर तो स्टड बदलायचा.

दिवेघाट: त्याआधी एक बघा. बऱ्याच अलॉय चाकांना मागून, नटांच्या भोकांच्या मधे, खळगे असतात. टोकांना खडू फासा, चाक हलकंच टेकवून काढा. ठसा उमटला नाही तर कापायची गरज नाही.

३० मिमीचा स्पेसर हा दुसरा मार्ग, पण चाक आणखी बाहेर जाईल आणि बेअरिंगवर ताण वाढेल. शिवाय आतले नट चाक काढल्याशिवाय दिसत नाहीत. टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा, शंभरेक किलोमीटरनंतर चाकं उतरवून पुन्हा तपासा. इम्पॅक्ट गनने (नट झटक्यात आवळणाऱ्या यंत्राने) काम करणाऱ्याला हात लावू देऊ नका. आणि विमा कंपनीला आधी विचारा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वरून (गाडीतल्या फेरबदलांबाबतचं) क्लेमच्या वेळी वाद होऊ शकतो.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. खडू लावला, पाचही ठसे स्पष्ट उमटले. बैठक मोजली, १४ मिमी. म्हणजे कापून १० च उरतात, तेव्हा कापणं रद्द. ३० मिमीचे, हबच्या बोअरवर (चाकाच्या मधल्या मोठ्या भोकाच्या मापावर) नेमके बसणारे स्पेसर पुण्यात कुठे मिळतील?