‘ब्रदर्स करमाझोव’: दुःखाला श्रद्धेचं उत्तर पुरतं का?

मीरा_वाचते
दोस्तोयेव्हस्कीच्या या कादंबरीतल्या एका छोट्या प्रसंगाने मला पार हलवून सोडलं. अलेक्सी, जेमतेम तीन वर्षांचा, शेवटचा उरलेला मुलगा. तोही गेला म्हणून त्याची आई घर सोडून मठामठांतून हिंडतेय. मठातला वृद्ध साधू झोसिमा तिला आधी सगळे सांगतात तेच सांगतो: बाळ देवाजवळ आहे. ती म्हणते, नवराही हेच सांगतो आणि स्वतःच रडतो. मग झोसिमा म्हणतो, समजूत घालून घेऊ नकोस, रड. लेखकाचा स्वतःचा मुलगा अलेक्सी, लाडाने अल्योशा, याच वयात, मे १८७८मध्ये, अपस्माराने गेला होता. त्यानंतर दोस्तोयेव्हस्की ऑप्टिनाच्या मठात आंब्रोस या साधूंना भेटून आला. हे पान कुठून आलंय ते कळतं. माझ्या मते कादंबरीचा गाभा इथेच आहे.

नास्तिक_नाना
अजिबात पटलं नाही. गाभा करमाझोव भावांपैकी इव्हानच्या देवाविरुद्धच्या बंडात आहे. तो सांगतो त्या गोष्टीत आईच्या डोळ्यांदेखत एका पोरावर शिकारी कुत्री सोडली जातात. पुढे सगळ्या जगाचं भलं झालं तरी त्या पोराची भरपाई होत नाही, म्हणून इव्हान स्वर्गाचं तिकीटच परत करतो. याला झोसिमाकडे काय उत्तर आहे? आणि तो ‘रड’ म्हणतो खरा, पण हे रडणं शेवटी शांत आनंदात बदलेल, असंही लगेच जोडतो. म्हणजे दुःखाला मुदत घातलीच की!

मीरा_वाचते
मुदत कुठे घातली? अजून बराच काळ रडशील, असं तो स्पष्ट म्हणतो. आणि तिला नवऱ्याकडे परत पाठवतो, कारण तोही एकटा पडलाय. इव्हानला मुद्द्याने हरवणं त्याचं कामच नाही.

जुनं_पान
तुम्ही दोघांनी कादंबरीतल्या स्नेगिर्योव्ह या बापाला विसरू नये. त्याचा मरणारा मुलगा इल्युशा त्याला सांगतो, माझ्यामागे दुसरा चांगला मुलगा आण, त्याचंही नाव इल्युशा ठेव. बाप आक्रोश करतो, मला दुसरा नको! थडग्यावर तो पाव कुस्करून टाकतो, चिमण्या आल्या की पोराला सोबत होईल म्हणून. त्यानंतर इव्हानचा धाकटा भाऊ अल्योशा करमाझोव इल्युशाच्या मित्रांना पुनरुत्थानाची खात्री देतो, पण ते ऐकायला हा बाप तिथे नाही. तो घरी बायकोजवळ रडतोय. लेखकाने हे मुद्दाम केलंय असं मला वाटतं.

नास्तिक_नाना
मग माझंच म्हणणं खरं ठरलं. ज्याला सांत्वन हवं होतं, त्याच्यापर्यंत ते पोचलंच नाही.

मीरा_वाचते
पण ती मुलं आणि अल्योशा तिथून त्याच घरी जेवायला जातात ना! ते श्रद्धेशिवाय घडलं असतं?

नास्तिक_नाना
हो, घडलं असतं. इल्युशा त्यांचा मित्र होता, एवढं पुरेसं आहे.