पिवळा झेंडा नेमका कशासाठी दाखवतात? शिडाच्या शर्यतीतील नियम ४२ विषयी

मुळाकाठ:

माझी मुलगी ऑप्टिमिस्ट वर्ग, म्हणजे लहान मुलांच्या छोट्या होड्यांचा गट, सोडून आता आयएलसीए ४, म्हणजे ज्याला पूर्वी लेझर ४.७ म्हणत, त्या होडीत शर्यती करते. मुंबई बंदरातील एका स्पर्धेत वारा अगदी पडलेला असताना, वारा पाठीवर घेऊन जायच्या टप्प्यात पंचांची रबरी बोट मागून आली, शिटी वाजली, पिवळा झेंडा तिच्याकडे रोखला गेला आणि तिच्या शिडावरचा क्रमांक पुकारला गेला. तिने लगेच बाजूला होऊन दंड म्हणून होडीसह गोल वळत दोन फेऱ्या घेतल्या, पण तेवढ्यात बऱ्याच होड्या पुढे निघून गेल्या. किनाऱ्यावर विचारल्यावर पंचांनी ‘रॉकिंग’ एवढे कारण सांगितले. तिचे म्हणणे असे की होडी वाऱ्याच्या बाजूला कलवण्यासाठी तिने एकदाच अंग सरकवले, पुढे होडी आपोआप डोलत राहिली, आणि आजूबाजूच्या होड्याही डोलतच होत्या.

मला कोणाविरुद्ध तक्रार करायची नाही. मात्र चालत्या बोटीतून, काही अंतरावरून पाहणारे दोन पंच हा निर्णय कशाच्या आधारावर घेतात, त्याविरुद्ध दाद मागता येते का, आणि काही वर्गांत शीड मारायला मोकळीक असताना आमच्याच वर्गात बंदी का, हे जाणकारांनी समजावून सांगावे.

दक्षिणवारा:

ती शर्यत मी पाहिलेली नाही, त्यामुळे तो झेंडा योग्य होता की नव्हता यावर मत देणे बरे नव्हे. पंचाच्या बोटीत बसल्यावर आम्ही काय पाहतो, ते मात्र सांगू शकतो.

नियम ४२ चे मूळ तत्त्व सोपे आहे. होडीचा वेग वाढवायचा, टिकवायचा किंवा कमी करायचा, तो फक्त वारा आणि पाणी यांच्या जोरावर. शीड आणि होडीचा कल जुळवण्यासाठी खलाशाने हालचाल करावी, पण अंगाच्या हिसक्यांनी होडी पुढे ढकलू नये. त्याखाली पाच गोष्टींना नावानिशी बंदी आहे: शीड पंख्यासारखे वारंवार ओढणे-सोडणे म्हणजे पंपिंग, होडी वारंवार डोलवणे म्हणजे रॉकिंग, पुढे झेपावून एकदम थांबणे म्हणजे ऊचिंग, सुकाणू वल्ह्यासारखे मारणे म्हणजे स्कलिंग, आणि वाऱ्यातील बदलाशी किंवा डावपेचांशी संबंध नसताना एकामागून एक टॅक (नाक वाऱ्यातून फिरवून घेतलेले वळण) अथवा जाइब (पाठ वाऱ्यातून फिरवून घेतलेले वळण) घेणे. यादीत नसलेली एखादी युक्तीही होडीला उघडपणे ढकलत असेल, तर ती मूळ तत्त्वाखाली अडकतेच.

आता निवाड्याविषयी. पालकांचा आणि पुष्कळदा मुलांचाही असा समज असतो की पंच अंग किती हलले ते मोजतात. तसे नसते. आम्ही तीन गोष्टी क्रमाने पाहतो: अंग काय करते आहे, होडी किंवा शीड काय करते आहे, आणि या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे का. डोलकाठीचे टोक क्षितिजाच्या रेषेवर डावी-उजवीकडे जाताना दुरूनही स्पष्ट दिसते, म्हणून नजर आधी तिथे असते. मग ती खाली खांद्यांवर येते. काठी वाऱ्याकडे झुकायला लागण्याच्या किंचित आधी खांदे बाहेर जात असतील आणि हे पुन्हा पुन्हा त्याच लयीत घडत असेल, तर संबंध जुळला. उलट काठी आधी झुकते आणि खांदे तोल सावरायला मागून येतात, असे दिसले तर ती दुरुस्ती आहे आणि तिला पूर्ण परवानगी आहे. बोटीतले दोघे पंच हे सगळे मोठ्याने बोलत असतात: अमुक क्रमांक, डोलते आहे, अंग स्थिर, लाट आली, पुन्हा डोलली, या वेळी खांदा हलला. दोघांचे एकमत झाल्याशिवाय झेंडा वर न करणे ही चांगली प्रथा मानली जाते, आणि शंका असेल तर झेंडा नाही, हे नवीन पंचाला पहिल्यापासून शिकवले जाते.

आपल्या मुलीच्या प्रसंगात कळीचा मुद्दा निराळाच असावा. वर्ल्ड सेलिंग या खेळाच्या जागतिक संघटनेने या नियमाचे जे अधिकृत अर्थ प्रसिद्ध केले आहेत, त्यांत दोन गोष्टी शेजारी शेजारी येतात. लाटांमुळे होडी मुळातच थोडीफार डोलत असेल, तर ते डोलणे थांबवायचे बंधन खलाशावर नाही. त्याचप्रमाणे एका जागी स्थिर बसून होडीचा तोल मुद्दाम नाजूक ठेवायलाही मनाई नाही. पण अंगाच्या एकाच हालचालीने सुरुवात होऊन लगेच होडी वारंवार डोलू लागली, तर ते रॉकिंग ठरते, मग त्यानंतर खलाशी दगडासारखा बसून राहिला तरीही. म्हणजे ‘मी एकदाच हलले’ हे तिचे म्हणणे शब्दशः खरे धरले, तरी तो बचाव होत नाही. ‘आजूबाजूच्या होड्याही डोलत होत्या’ हा मुद्दा मात्र वजनदार आहे, कारण लाटांमुळे होणारे डोलणे किती, हे आम्ही शेजारच्या होड्यांवरूनच ठरवतो. तिची होडी इतरांहून जास्त डोलत होती का, हा प्रश्न तिने पंचांना विचारायला हवा. शर्यत संपल्यावर असे विचारणे पूर्णपणे रीतीला धरून आहे, आणि बहुतेक पंच हाताने हालचाल करून दाखवत समजावतात.

दाद मागण्याविषयी: स्पर्धेच्या सूचनांनी परिशिष्ट पी, म्हणजे झेंडा दाखवून जागच्या जागी दंड देण्याची पद्धत सांगणारे नियमपुस्तकातील परिशिष्ट, लागू केलेले असेल, तर झेंड्याच्या निर्णयावर सुनावणी होत नाही. पंचांनी शर्यत समितीच्या एखाद्या संकेताकडे किंवा वर्गाच्या नियमाकडे दुर्लक्ष केले असेल, तेवढाच अपवाद. हे कठोर वाटते, पण पर्याय अधिक वाईट आहे. हे परिशिष्ट नसेल तर एखाद्या स्पर्धकाने किंवा पंचांनी रीतसर प्रोटेस्ट (लेखी तक्रार) दाखल करायचा आणि संध्याकाळी खोलीत बसून, सकाळी काठी कशी झुकली होती, यावर दोन्ही बाजूंनी बोलायचे. त्यातून सत्य क्वचितच हाती लागते.

खलाशी_निवृत्त:

दक्षिणवारा यांनी नियम अचूक मांडला आहे, परंतु त्याचा वापर सगळ्यांवर सारखा होतो, असे मी म्हणणार नाही. पंचांच्या बोटी थोड्या आणि होड्या पुष्कळ, त्यामुळे नजर साहजिकच आघाडीच्या गटावर आणि ज्यांच्याभोवती मोकळे पाणी आहे त्यांच्यावर राहते. गर्दीच्या मध्यभागी, दोन शिडांच्या आड कोण काय करते आहे, ते पाहायचे तर रबरी बोट आत घालावी लागते, आणि पडलेल्या वाऱ्यात तिच्या लाटेनेच चार होड्यांचे नुकसान होते. म्हणून तो पंच मागेच राहतो आणि मधली मुले निसटतात. हा कोणाचा दोष नाही, पण प्रशिक्षकाने मुलांना हे आधीच सांगून ठेवले, तर ‘मलाच का’ हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घर करत नाही.

दुसरे असे की मुलांना झेंडे सर्वांत जास्त कुठे मिळतात, याकडे लक्ष द्यावे. वारा पाठीवर असतानाचा टप्पा एक, आणि दुसरी जागा म्हणजे स्टार्टची रेषा. नियम ४२ तयारीच्या संकेतापासून, म्हणजे नेहमीच्या पद्धतीत स्टार्टच्या चार मिनिटे आधीपासून लागू होतो. अनेकांना वाटते की बंदूक झाल्यावरच शर्यत सुरू होते. रेषेवर जागा धरून उभी असलेली होडी वाऱ्याच्या तोंडाशी गेली असेल आणि जवळजवळ थांबलेली असेल, तर सुकाणू मारून तिला क्लोज-हॉल्ड दिशेपर्यंत, म्हणजे वाऱ्याच्या जास्तीत जास्त जवळून शीड भरून जाता येते त्या दिशेपर्यंत, खाली आणता येते. एवढीच सवलत आहे. खाली आणून पुन्हा सुकाणू मारत वर नेणे, आणि असे करत जागेवर तरंगत राहणे, हे उघड उल्लंघन आहे. आमच्याकडची मुले हे सर्रास करतात, कारण तलावावरच्या सरावात त्यांना कोणी टोकत नाही.

रोल टॅकविषयीही मुलांचा गोंधळ होतो. टॅक किंवा जाइब घेताना होडी अंगाने जोरात कलवायला परवानगी आहे, अट एवढीच की वळण पूर्ण झाल्यावर होडीचा वेग, ते वळण घेतलेच नसते तर जितका राहिला असता, त्याहून जास्त नसावा. म्हणून चांगला पंच खलाशी किती लांब बाहेर लटकला ते पाहत नाही. होडी वळणातून उसळून बाहेर पडली का, ते पाहतो.

सुकाणू:

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही, म्हणून लिहितो.

पडलेल्या वाऱ्यात डोलण्याचा एवढा फायदा का होतो, हे साध्या हिशेबाने कळते. तीन नॉटचा वारा म्हणजे सेकंदाला सुमारे दीड मीटर. आता सुमारे सहा मीटर उंचीची डोलकाठी वीस अंशांत झुलली, तर तिचे टोक दोन मीटर सरकते. या झोक्याला दोन सेकंद लागले असे धरले, तर शिडाचा वरचा भाग हवेतून सेकंदाला एक मीटर वेगाने जातो. म्हणजे खऱ्या वाऱ्याच्या दोन-तृतीयांश वारा खलाशाने स्वतःच्या अंगाने निर्माण केला. पंधरा नॉटमध्ये हीच कसरत केली तर तिचे प्रमाण खूपच कमी ठरते. त्यामुळे रॉकिंगचे झेंडे मंद वाऱ्यात जास्त दिसतात, हे स्वाभाविक आहे.

मोकळीक द्यायची की नाही, हे त्या त्या वर्गाचे नियम ठरवतात. फिन या एकट्याने चालवायच्या होडीच्या वर्गाने ठरावीक वाऱ्याच्या वर, म्हणजे १० नॉटच्या वर, पंपिंग, रॉकिंग आणि ऊचिंग यांना मुभा दिली. अशा वेळी शर्यत समिती ‘ओ’ अक्षराचा झेंडा लावते, आणि वारा पुन्हा पडला तर मार्कवर, म्हणजे वळणाच्या खुणेजवळ, ‘आर’ लावून ती मुभा काढून घेते. विंडसर्फिंगमध्ये तर शीड मारणे हा खेळाचाच भाग मानला गेला. आयएलसीए वर्गाने मात्र ही वाट धरली नाही. विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमनन हे दोघे भारतीय खलाशी टोकियो आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या वर्गांत उतरले, ते या एकाच होडीचे मोठे भाऊ आहेत, आणि तिथेही हाच नियम लागू असतो. एकाच आकाराच्या, एकाच मापाच्या होड्यांत वारा वाचण्याचे कौशल्य जोखायचे असेल, तर दंडातली ताकद मोजायला सुरुवात करू नये, असे माझे मत आहे. फिनवाले माझ्याशी सहमत होणार नाहीत.

पंपिंगला एक सवलत सर्वांनाच आहे, ती मुलीला जरूर सांगा. लाटेवरून घसरत जाणे किंवा प्लेनिंग (होडीने पाण्यावर उचलून वेगाने सरकणे) शक्य असेल, तर ते सुरू करण्यासाठी प्रत्येक लाटेमागे किंवा वाऱ्याच्या प्रत्येक झोतामागे शीड एकदा ओढता येते. मात्र सपाट पाण्यावर, तीन नॉटमध्ये ही सवलत सांगून उपयोग नाही.

मुळाकाठ:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल मुलीला हे वाचून दाखवले. तिची एक शंका आहे: त्याच स्पर्धेत पुढे एका स्टार्टच्या आधी दुसऱ्या एका मुलाला झेंडा मिळाला आणि लगेच जनरल रिकॉल झाला, म्हणजे सगळ्या होड्यांना परत बोलावून स्टार्ट पुन्हा घेतला. त्याने फेऱ्या घेतल्या नाहीत, तरी त्याला बाद केले नाही. हे कसे?

दक्षिणवारा:

ते बरोबरच झाले. झेंड्यानंतर शर्यत लांबणीवर पडली, जनरल रिकॉल झाला किंवा शर्यत रद्द झाली, तर ती शिक्षा संपते. मात्र झेंडा त्याच्या खात्यावर राहतो, आणि हे खाते एका शर्यतीपुरते नसून संपूर्ण स्पर्धेचे असते. परिशिष्टाप्रमाणे पहिल्या झेंड्याला दोन फेऱ्या. दुसऱ्याला शर्यत तत्काळ सोडून द्यायची, आणि सोडली नाही तर मिळणारी अपात्रता गुणांतून वगळता येत नाही. तिसऱ्याला शर्यत सोडली तरी न वगळता येणारी अपात्रता, आणि सोडली नाही तर स्पर्धेच्या सर्व शर्यतींतून बाद. अनेक आयोजक सूचनांमध्ये बदल करून पहिल्यानंतरच्या प्रत्येक झेंड्याला दुसऱ्याचाच दंड लावतात, म्हणून स्पर्धेला जाण्यापूर्वी तो परिच्छेद वाचावा. आपल्या मुलीच्या खात्यावर त्या स्पर्धेत एक झेंडा होता, त्या मुलाच्याही खात्यावर एक होता. त्याने फेऱ्या घेतल्या नाहीत, एवढाच फरक.