व्हीएमला (मशीनच्या आत चालणाऱ्या आभासी मशीनला, म्हणजे गेस्टला) हार्डवेअर काउंटर (प्रोसेसरमधले घटना मोजणारे मीटर) पूर्ण द्यायचे की होस्टनं (मूळ मशीननं) धरून ठेवायचे?

हळदीचा_हिशोबी, सांगली
लॅबच्या जुन्या इंटेल सर्व्हरवर गेस्टमध्ये पर्फ स्टॅट (लिनक्सची काउंटर वाचायची कमांड) मारला, तर आठ इव्हेंटपुढं (मोजायच्या घटनांपुढं) टक्केवारी आली, म्हणजे थोडाच वेळ मोजलं न बाकी अंदाजपंचे. हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड) चालू असलं की थ्रेडला जनरल (काहीही मोजणारे) काउंटर ४ आणि फिक्स्ड (ठरलेलंच मोजणारे) ३, बास. त्यात होस्टचा एनएमआय वॉचडॉग (सीपीयू लटकला का बघणारा राखणदार) एक काउंटर दाबून बसतो, आणि केव्हीएममध्ये (लिनक्सचं व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) गेस्टनं काउंटरच्या रजिस्टरला हात लावला की व्हीएम एक्झिट, म्हणजे गेस्ट थांबवून ताबा होस्टकडं. माझं मत सरळ आहे, गेस्ट चालू असेपर्यंत सगळे काउंटर त्याला द्या, बाहेर आला की काढून घ्या.

कंदी_कर्नल, सातारा
भावा ती टक्केवारी तुझ्या गेस्टच्या आतलीच, तूच ४ काउंटरवर आठ इव्हेंट लादलेस. वॉचडॉगवर कशाला खापर?
आणि सगळे देऊन टाक म्हणतोस, मग होस्टवरून गेस्टचं प्रोफाइल (वेळ कुठं जातो त्याचा हिशोब) कसं काढू? गेस्ट चालू असेपर्यंत माझा वॉचडॉग आंधळा. शिवाय दर एंट्री-एक्झिटला सगळी रजिस्टरं सेव्ह-रिस्टोर करायचा भुर्दंड वेगळाच. मशीन माझी, बिल माझं.

हळदीचा_हिशोबी
बरं, टक्केवारीचं मान्य, चुकलो. पण मग माझा मुद्दा उलट पक्काच झाला की! केव्हीएम गेस्टच्या काउंटरसाठी होस्टमध्ये पर्फ इव्हेंट उघडतं, तिथं होस्टच्याच दुसऱ्या पिन केलेल्या (काउंटर कायम धरून बसणाऱ्या) इव्हेंटनं जागा अडवली तर गेस्टचा आकडा गुपचूप कमी येतो, टक्केवारी नाही, एरर नाही, काही नाही. पाण्याच्या पाळीसारखं आहे हे, पाळी माझी न वरच्या रानवाल्यानं रात्रीत दारं मोडलं, सकाळी सरी अर्धी कोरडी न मी आपला मोटरीला शिव्या घालतोय. कमी पाणी द्या, चालेल, पण सांगून द्या.

बिनधास्त_डीबगर
मला आरआर डीबगर (प्रोग्राम रेकॉर्ड करून जसाच्या तसा परत चालवणारा) चालवायचाय फक्त, त्याला कंडिशनल ब्रँचची (प्रोग्राममधल्या जर-तर उड्यांची) मोजणी अचूक लागते, एक जरी चुकली तर रिप्ले गंडतो. व्हीएमवेअरमध्ये (व्हीएम चालवणारं दुसरं सॉफ्टवेअर) काउंटर व्हर्च्युअलाइज करायचा, म्हणजे गेस्टला दाखवायचा, टिक असतो, तो मारून बघतो. तुमचं भांडण चालू द्या.

कंदी_कर्नल
टिक मारून दुसऱ्या जातीच्या सीपीयूवर लाइव्ह मायग्रेट करून (चालू व्हीएम न थांबवता दुसऱ्या मशीनवर हलवून) दाखव, मग बोलू.
हिशोबी, सांगून द्या हे पटलं. पण भाड्याच्या मशीनवर अनोळखी गेस्टला मी काउंटर देणारच नाही, शेजारच्या व्हीएमची चाहूल लागते त्यातनं. कॉलेजच्या लॅबला दे की खुशाल.

हळदीचा_हिशोबी
लॅबचंच तर बोलतोय मी पहिल्यापासनं! शनिवारी वॉचडॉग चालू ठेवून न मग बंद करून चारच इव्हेंट मोजतो, दोन्ही आकडे इथं टाकतो.